अर्धवट राहिलेले शिक्षण आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मंडळ्यांत मोठा आनंद असतो. उपासनेच्या शेवटी उत्तीर्ण मुलांची नावे वाचली जातात, पाळकसाहेब त्यांच्यासाठी प्रार्थना करतात, बाहेर पेढे वाटले जातात. हे योग्यच आहे. परंतु बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले म्हणून महाविद्यालय सोडून नोकरीस लागलेल्या तरुणाचे नाव कोणी वाचीत नाही. लग्न झाले, मूल झाले आणि शेवटची परीक्षा राहून गेली, अशा भगिनीची चौकशी कोणी करीत नाही. तिचे कॉलेज सुटले, एवढे म्हणून आपण तो विषय मिटवतो.

आमच्या खासबाग, वडगाव, शहापूर या भागांत विणकरांची वस्ती मोठी आहे. निपाणीकडे तंबाखूच्या कामावर राबणारी कुटुंबे पुष्कळ. अशा घरांत शिक्षण सुटण्यास बुद्धी क्वचितच कारण होते. वेळ नसतो, फी नसते, आणि घरचा भार उचलण्यास दुसरे कोणी नसते. पुढे परिस्थिती थोडी सुधारली तरी तिशी उलटलेल्या माणसास पुन्हा वर्गात जाऊन बसण्याची लाज वाटते. अशा बंधुभगिनींसाठी आणि त्यांच्या मंडळ्यांसाठी आम्ही या वेळी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे चरित्र निवडले आहे. बाबासाहेब ख्रिस्ती नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, हे सर्वांस ठाऊक आहे. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून सारे जग त्यांना ओळखते. मात्र त्यांचे स्वतःचे शिक्षण पैशाअभावी मध्येच तुटले होते आणि ते त्यांनी प्रौढ वयात, बायको-मुलाचा संसार असताना पुरे केले, ही गोष्ट आपण फारशी ध्यानात घेत नाही.

पहिली शिदोरी

भीमराव यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. अस्पृश्य गणल्या गेलेल्या घरचे मूल म्हणून शाळेत जे अपमान सोसावे लागले ते येथे विस्ताराने सांगत नाही. १९०७ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी या मुलाची अभ्यासाची ओढ पाहिली होती. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा केळुसकरांनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे त्यांची रदबदली केली आणि महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१३ साली महाराजांनीच त्यांना अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात पाठविले. तेथे १९१५ साली ते एम.ए. झाले, आणि १९१६ साली लंडनला जाऊन अर्थशास्त्राच्या प्रसिद्ध शाळेत, म्हणजे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, दाखल झाले. बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही त्यांनी नाव घातले.

मध्येच तुटलेला धागा

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. करारानुसार त्यांना परत येऊन बडोदे संस्थानात नोकरी करणे भाग होते. अभ्यास ऐन भरात असताना भीमरावांना लंडन सोडावे लागले. महायुद्धाचा काळ होता. त्यांची पुस्तके व सामान वेगळ्या जहाजाने येत होते, ते जहाज शत्रूने बुडविले. बडोद्यात कचेरीतील शिपाईदेखील त्यांच्या हाती कागद न देता दुरून टाकीत. राहण्यास घर मिळेना. ज्या पारशी वसतिगृहात आसरा घेतला तेथूनही लोकांनी त्यांना हाकलून काढले. ते मुंबईस परतले. शिकवण्या केल्या. शेअरबाजाराच्या व्यवहारात सल्ला देण्याचा धंदा मांडला, पण सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली.

त्या वेळी कोणी त्यांना पाहिले असते तर काय म्हटले असते? हा मनुष्य विलायतेस जाऊन आला, पण पुरे काही केले नाही. लंडनची पदवी अर्धी, बॅरिस्टरी अर्धी. कोलंबियाच्या डॉक्टरेटचीही पदवी अजून हाती नव्हती. वय सव्वीस, घरी पत्नी आणि लहान मुलगा.

परंतु लंडन सोडताना एक गोष्ट घडली होती, आणि तीच आम्हांस या चरित्रात फार मोलाची वाटते. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी विद्यापीठाने त्यांना दिली होती. नाव खोडले गेले नाही. दार लोटले होते, त्यास कडी लावली नव्हती.

पुन्हा लंडनला

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांना अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. पगार ४५० रुपये. त्या काळी ही मोठीच रक्कम होती. एवढी नोकरी लागल्यावर पुष्कळांनी अभ्यासास रामराम ठोकला असता. भीमराव मात्र परळच्या चाळीतच राहिले, खर्च आवरला आणि शिल्लक टाकीत गेले. चार वर्षांची ती मुदत त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

तरीही शिल्लक पुरेना. तेव्हा दोघे पुढे आले. कोलंबियात असतानाचे त्यांचे पारशी मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनीही साहाय्य केले. महाराजांनी त्याच वर्षी, मार्च १९२० मध्ये, कोल्हापूरजवळच्या माणगाव परिषदेत या तरुणाला जनतेपुढे नेता म्हणून उभे केले होते. माणगाव आमच्या निपाणीपासून फार दूर नाही. जुलै १९२० मध्ये भीमराव पुन्हा जहाजात बसले. आता ते एकोणतीस वर्षांचे होते.

लंडनमधील दिवस कष्टाचे गेले. ज्या घरी ते राहत तेथील बाई जेवण अगदी बेताचे देई. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडण्याच्या सुमारास ते दारात हजर असत. दुपारचे जेवण बहुधा टाळीत आणि ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचीत बसत. भाडे वाचावे म्हणून पायी चालत. रात्री भूक लागली की कोणी परिचिताने दिलेले पापड भाजून दुधाबरोबर खात आणि पुन्हा पुस्तक उघडीत. १९२१ साली ते एम.एस्सी. झाले. याच मुक्कामात बॅरिस्टरही झाले.

डी.एस्सी.साठी त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध सादर केला. तो परीक्षकांनी फेरफार करण्यासाठी परत पाठविला. तोवर हातातील पैसे संपले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईस आले, येथेच बसून प्रबंध पुन्हा लिहिला आणि लंडनला धाडला. त्याच वर्षी तो मान्य झाला. कोलंबियाचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने छापला गेला आणि तेथील पीएच.डी. त्यांना १९२७ साली मिळाली. म्हणजे अमेरिका सोडून अकरा वर्षे झाल्यावर, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. ज्यांना उशीर झाला असे वाटते त्यांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत.

घरची बाजू

या यशाचे श्रेय सांगताना आपण बहुधा पतीचे नाव घेतो आणि चूल सांभाळणाऱ्या पत्नीस विसरतो. भीमराव परदेशी असताना रमाबाईंनी परळच्या चाळीत फार ओढग्रस्तीत दिवस काढले. या दांपत्याच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. एकटे यशवंत वाचले. रमाबाई स्वतः २७ मे १९३५ रोजी निवर्तल्या. प्रौढ माणूस शिकतो तेव्हा त्याच्याबरोबर सारे घर त्या शिक्षणाची किंमत मोजीत असते. शाळकरी मुलाला वह्या-पुस्तके दिली की आपले काम झाले असे वाटते. संसारी विद्यार्थ्याचे तसे नाही. त्याला मदत करावयाची तर त्याच्या घराकडेही पाहावे लागते.

नोकरदारांचे महाविद्यालय

स्वतःची वाट कशी अडली होती हे बाबासाहेब विसरले नाहीत. जुलै १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली आणि तिच्या वतीने १९२५ साली सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये निपाणीस बहिष्कृत वर्गाची परिषद भरली, तीस ते आले होते. पुढे १९२८ साली स्थापिलेल्या शिक्षणसंस्थेमार्फत पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे आणि आपल्या शेजारच्या धारवाडलाही वसतिगृहे चालली. विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला म्हणजे तो टिकेलच असे नाही, त्याला निजण्यास जागा आणि दोन वेळचे अन्न लागते, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. आरंभी त्याला लष्कराच्या बराकींत जागा मिळाली होती. पुढे ते कोटातील इमारतींत गेले. या महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरत. सकाळी व्याख्याने ऐकावीत आणि तेथून थेट कचेरीत कामावर जावे, अशी सोय झाली. मुंबईतील किती कारकून, किती गरीब कामकरी मुले यामुळे पदवीधर होऊ शकली! नोकरदार विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या वेळेनुसार आपले पोट बांधून घ्यावे, असे बाबासाहेबांनी म्हटले नाही. त्यांनी घड्याळाचा काटाच विद्यार्थ्याच्या सोयीने फिरविला. पुढे औरंगाबादेसही त्यांनी महाविद्यालय काढले, तेच मिलिंद महाविद्यालय. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीस त्यांचे निधन झाले.

आपण काय करावे

प्रभू येशूने सांगितलेला अंजिराच्या झाडाचा दाखला आपणांस ठाऊक आहे. तीन वर्षे फळ आले नाही म्हणून मालक झाड तोडावयास निघाला. माळ्याने आणखी एक वर्ष मागून घेतले. मात्र तो नुसते वर्ष मागून स्वस्थ बसला नाही. झाडाभोवती खणण्याचे व खत घालण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले. लंडनच्या विद्यापीठाने भीमरावांना चार वर्षे दिली, पण भथेना व शाहू महाराज यांनी खत घातले नसते तर ती मुदत तशीच सरून गेली असती.

आज मुदत देणाऱ्या संस्थांची उणीव नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली निघाले, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली, आणि म्हैसूरचे कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ १९९६ साली. नोकरी सांभाळून घरी अभ्यास करण्याची वाट आता आहे. परंतु नाव घालणे सोपे, टिकणे अवघड. पुस्तकांचा गठ्ठा माळ्यावर तसाच बांधलेला राहतो. त्यातून मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या सीमाभागातील माणसास कन्नड किंवा इंग्रजी पुस्तक एकट्याने वाचताना धीर सुटतो.

म्हणून आमची मंडळ्यांस नम्र विनंती आहे. ज्यांचे शिक्षण मध्येच थांबले आहे त्यांची पाळकसाहेबांनी आणि पंचांनी एकदा घरोघरी जाऊन विचारपूस करावी. शब्बाथशाळेची खोली आठवडाभर बंदच असते. ती संध्याकाळी उघडून तेथे दिवा, टेबल आणि शांतता द्यावी. मंडळीतील शिक्षकांनी आठवड्यातून एक तास अशांबरोबर बसावे. परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख टळून गेल्यावर दिलेली मदत कामाची नसते, म्हणून बिनव्याजी कर्जासाठी एक छोटा फंड आधीच बाजूला ठेवावा. भथेना यांनी दिले तेही कर्जच होते, आणि कर्ज घेणाऱ्याची मान ताठ राहते. परीक्षेच्या दिवसांत महिला मंडळाने शिकणाऱ्या भगिनीची मुले सांभाळावीत. आणि जो तरुण परीक्षेस बसला आहे त्याला त्या महिन्यात गायकवृंदाच्या व तरुण संघाच्या कामातून मोकळे करावे. तो उपासनेस थोडा कमी दिसला तर त्याची श्रद्धा थंडावली असे कोणी म्हणू नये.

आणि ज्या बंधुभगिनीचे शिक्षण अर्धवट राहिले आहे त्यांस आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, मध्येच थांबणे म्हणजे हरणे नव्हे. ती जुनी गुणपत्रिका ट्रंकेतून बाहेर काढा. आपल्या पाळकांना दाखवा. संकोच करू नका.

फळ न आलेल्या झाडासाठी आणखी एक वर्ष मागून घेणारा प्रभू आपल्या मंडळ्यांस खणण्याची व खत घालण्याची बुद्धी देवो, आणि पुढल्या निकालाच्या वेळी उपासनेत वाचल्या जाणाऱ्या नावांत चाळिशीतील एखादे नाव ऐकण्याचे भाग्य आपणां सर्वांस लाभो.