पक्षीवेडे ह्यूमसाहेब

काँग्रेसची स्थापना कोणी केली, हा प्रश्न आमच्या इतिहासाच्या पेपरात दर दोन-तीन वर्षांनी येतोच आणि ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे उत्तर मुले घडाघडा लिहितात. पण हेच ह्यूमसाहेब हिंदुस्थानातील पक्ष्यांचे त्या काळचे फार मोठे जाणकार होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. या वर्षी आपल्या निसर्ग मंडळाची मुले तिघरा धरणावर पक्षी पाहायला गेली होती. त्या निमित्ताने त्यांची ओळख करून द्यावी असे आम्ही ठरविले. शिवाय ते आपले शेजारीच. भिंडच्या पुढे चंबळ ओलांडली की इटावा जिल्हा लागतो, तेथे त्यांची उमेदीची वर्षे गेली.

ह्यूम यांचा जन्म १८२९ सालचा. वडील जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश पार्लमेंटचे सुधारणावादी सभासद. थोडे वैद्यकीचे शिक्षण घेऊन १८४९ मध्ये ते मुलकी नोकरीत हिंदुस्थानात आले आणि पुढे इटाव्याचे कलेक्टर झाले. १८५७ पर्यंत त्यांनी त्या जिल्ह्यात १८१ मोफत शाळा उघडल्या होत्या व त्यांत ५,१८६ विद्यार्थी शिकत होते. मुली मात्र दोनच. त्या दोघी कोण असतील, याचे आम्हाला राहून राहून कुतूहल वाटते.

१८५७ च्या उठावात त्यांना इटावा सोडून आग्र्याच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला. तोवर जमविलेला पक्ष्यांचा पहिला संग्रह त्या धामधुमीत गेला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पुढे जकात खात्याचे आयुक्त आणि नंतर महसूल, शेती व व्यापार खात्याचे सचिव म्हणून काम करताना फिरणे पुष्कळ झाले. जातील तेथे पक्षी टिपायचे, नमुना जपायचा, चिठ्ठीवर तारीख व ठिकाण लिहायचे. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास दुर्बिणीपेक्षा बंदुकीनेच होत असे, हे मुलांना सांगायला हवे. शिमल्याला जाखू टेकडीवरच्या आपल्या बंगल्यात त्यांनी पक्ष्यांचे संग्रहालयच उभारले. १८७२ मध्ये 'स्ट्रे फेदर्स' नावाचे नियतकालिक सुरू केले. त्यात देशभरचे जंगल अधिकारी, फौजी, चहामळेवाले आपापल्या नोंदी पाठवीत. अंदमान-निकोबार, लक्षद्वीप असे प्रवास त्यांनी पक्ष्यांसाठी केले. १८८१ मध्ये मणिपूरच्या उंच गवतात त्यांना लाव्याची एक नवीन जात सापडली.

सरकारी धोरणांवर टीका केल्यामुळे १८७९ साली त्यांना सचिवपदावरून हटविण्यात आले होते. १८८२ मध्ये ते निवृत्त झाले. आता हिंदुस्थानातील सर्व पक्ष्यांवरचा मोठा ग्रंथ लिहायचा, हा त्यांचा बेत होता. सुमारे पंचवीस वर्षांची टिपणे व हस्तलिखिते शिमल्याच्या बंगल्यात ठेवलेली होती.

१८८४ च्या सुमारास ते हिवाळ्यात बाहेरगावी असताना त्यांच्या नोकराने ते सर्व कागद शिमल्याच्या बाजारात रद्दी म्हणून विकून टाकले! कित्येक मण कागद. परत येऊन पाहतात तो काही शिल्लक नाही. ग्रंथ राहिला तो राहिलाच. १८८५ मध्ये त्यांनी सुमारे ८२,००० नमुन्यांचा आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. तो न्यायला लंडनहून रिचर्ड बोडलर शार्प हे तज्ज्ञ स्वतः शिमल्याला आले आणि ४७ मोठ्या पेट्या भरून माल रवाना झाला.

त्याच वर्षी २८ डिसेंबरला मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. ते आधी पुण्याला व्हायचे होते, पण तेथे कॉलऱ्याची साथ आली. रद्दीमुळेच ह्यूमसाहेब राजकारणात आले असे कोणी म्हणेल, पण ते आम्हाला पटत नाही. कोलकाता विश्वविद्यालयाच्या पदवीधरांना त्यांनी पुढे येण्याचे आवाहन केले ते १८८३ सालीच. पक्ष्यांकडे मात्र ते पुन्हा वळले नाहीत. १८९४ मध्ये इंग्लंडला परतल्यावर ते रानफुलांच्या मागे लागले, १९१० मध्ये दक्षिण लंडनमध्ये वनस्पतिशास्त्राची संस्था काढली आणि ३१ जुलै १९१२ रोजी वारले.

त्यांचा एक लहानसा पक्षी सांगायचा राहिला. नोव्हेंबर १८६७ मध्ये सतलजच्या खोऱ्यात, रामपूरजवळ, त्यांना एक मातकट रंगाचा वटवट्या मिळाला होता. तसा दुसरा पक्षी पुढे शंभराहून अधिक वर्षे कोणाला ओळखू आला नाही. तो वेगळ्या जातीचा आहे की दुसऱ्याच एखाद्या जातीतला, यावर वाद होता. २००२ मध्ये त्याच जुन्या नमुन्याच्या डीएनए तपासणीवरून ती स्वतंत्र जात ठरली आणि २००६ मध्ये थायलंडमध्ये तिचा जिवंत पक्षी सापडला. कागद गेले, पण पक्ष्याबरोबरची तारीख आणि ठिकाण राहिले होते.

हे लिहिताना आम्हाला थोडे ओशाळल्यासारखे होत आहे. गेल्या उन्हाळ्यात कार्यालयाची सफाई झाली, तेव्हा निसर्ग मंडळाचे जुने रजिस्टर रद्दीत गेले, आणि तो गठ्ठा द्या असे आम्हीच सांगितले होते. रद्दीवाल्याकडे दोनदा माणूस पाठविला, पण उपयोग झाला नाही. नवीन रजिस्टर आता आमच्या टेबलाच्या खणात आहे. माजी विद्यार्थी व पालक यांच्याकडे त्या सहलींच्या वह्या, नोंदी किंवा फोटो असतील तर कृपया तारीख व ठिकाणासह कार्यालयात आणून द्यावेत. नक्कल करून मूळ प्रत परत केली जाईल.