रिचर्ड ॲलन व त्यांची बेथेल मंडळी

जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांस अर्पण केला, हे आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहेच. परंतु ज्या गुलामांनी आपली मान आपणच सोडवून घेतली, त्यांची चरित्रे आपल्याकडे फारशी कोणी वाचीत नाही. त्यांपैकी एकाची हकीकत आज आम्ही सांगणार आहो.

रिचर्ड ॲलन १७६० साली गुलाम म्हणूनच जन्मास आले. फिलाडेल्फियाच्या एका बड्या वकिलाच्या मालकीचे हे कुटुंब डेलावेअरमधील स्टर्जिस नामक शेतकऱ्यास विकले गेले. (मालक आमच्याच धंद्यातला होता, हे सांगताना आम्हांस भूषण वाटत नाही.) शेतकऱ्यास पैशाची नड पडताच त्याने ॲलन यांची आई व काही भावंडे विकून टाकली. पुढे मेथॉडिस्ट उपदेशकाचे प्रवचन ऐकून त्यास गुलाम बाळगणे पाप वाटू लागले. तरी पाप सोडताना त्याने किंमत मात्र सोडली नाही! दोन हजार कागदी डॉलर भरून मोकळे व्हावे, असे ठरले. ॲलन यांनी लाकडे तोडली, वीटभट्टीवर मजुरी केली, स्वातंत्र्ययुद्धात मिठाची गाडी हाकली, आणि १७८३ पर्यंत सर्व रक्कम चुकती केली.

१७८६ साली ते फिलाडेल्फियास आले. तेथील सेंट जॉर्ज या मेथॉडिस्ट देवळात त्यांस पहाटे पाच वाजता उपदेश करण्याची मोकळीक मिळाली. कृष्णवर्णीयांची गर्दी वाढली, तशी त्यांस प्रथम भिंतीकडेला व मग वरच्या सज्जात जागा नेमून देण्यात आली. एके दिवशी ॲलन यांचे सहकारी ॲब्सलम जोन्स गुडघे टेकून प्रार्थना करीत असता, कारभाऱ्यांनी त्यांस धरून उठविले. प्रार्थना संपताच सारे कृष्णवर्णीय एकजुटीने बाहेर पडले. हा प्रसंग १७८७ चा म्हणून सांगतात. सज्जाच्या बांधकामाचा काळ पाहता तो १७९२ च्या सुमाराचा असावा, असे संशोधक मानतात. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार कोणापुढे बंद झाले होते, हे स्मरणाऱ्यांस त्याचे नवल वाटणार नाही.

बहुतेकांस आता मेथॉडिस्ट हे नावही नकोसे झाले, आणि जोन्स यांची मंडळी एपिस्कोपल पंथात गेली. ॲलन मात्र अडून बसले. अपमान माणसांनी केला. पंथाची साधी शिकवण गरिबांच्या उपयोगाची, ती का टाकावी, असे त्यांचे म्हणणे. दरम्यान १७९३ साली शहरात पीतज्वराची साथ आली. ज्यांस देवळात मागे सारले होते, त्यांनीच गोऱ्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा केली. तरीही त्यांजवर लुटीचा आरोप आलाच, व ॲलन आणि जोन्स यांस पुस्तिका छापून त्यास उत्तर द्यावे लागले. १७९४ च्या उन्हाळ्यात, सिक्स्थ स्ट्रीटवरील जागेत घोड्यांनी ओढून आणलेल्या एका जुन्या लोहारशाळेचे देऊळ झाले. त्याचे नाव बेथेल.

येथवरची कथा भाविकांची. पुढची आमच्या धंद्याची आहे, आणि व्यापारी वाचकांनी ती विशेष लक्षपूर्वक वाचावी. १७९६ साली मंडळीच्या नियमांचा मसुदा त्यांनी विश्वासाने एका गोऱ्या धर्माधिकाऱ्याकडून करवून घेतला. दहा वर्षांनी उघडकीस आले की, त्या कागदाने देवळाची मालकी मेथॉडिस्ट परिषदेच्या हाती गेली आहे! तेव्हा १८०७ साली दुरुस्तीपत्र करून ॲलन यांनी तो अधिकार सभासदांच्या दोन-तृतीयांश मतावर आणून ठेवला. तंटा तरीही मिटेना. १८१५ साली देऊळ लिलावास निघाले, आणि जोडे शिवून व धुराडी साफ करवून पैसा मिळविलेल्या या गृहस्थास आपलेच देऊळ १०,१२५ डॉलरांची बोली करून सोडवावे लागले. १८१६ च्या आरंभी, तेथे उपदेश करण्याचा हक्क मागणाऱ्या गोऱ्या धर्मोपदेशकाचा अर्ज पेन्सिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. त्याच एप्रिलात निरनिराळ्या गावांच्या मंडळ्या मिळून आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झाले. ॲलन त्याचे पहिले बिशप.

ते सर्वस्वी निर्दोष होते, असे आम्ही म्हणत नाही. जरीना ली या बाईंनी उपदेशाची परवानगी मागितली, ती त्यांनी प्रथम नाकारली. १८१९ साली मात्र दिली.

१८३१ साली ॲलन निवर्तले. बेथेलची सध्याची इमारत १८९० च्या सुमाराची, त्या जागेवरील चौथी आहे. तिच्या तळघरात ॲलन व त्यांच्या पत्नी सेरा यांच्या समाध्या आहेत, आणि खालची जमीन १७९४ पूर्वीपासून कृष्णवर्णीयांच्याच मालकीची राहिली आहे.