मायकेल फॅरडे : लोहाराचा मुलगा

काळाचौकीच्या रस्त्याखालील उच्चदाबाच्या वीजकेबलीत तारेभोवती धातूचे वेष्टन असते. त्यामागचे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी प्रयोगाने दाखविले. १७९१ साली लंडनजवळ लोहाराच्या घरी जन्मलेले फॅरडे १४व्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीस लागले; बांधणीस आलेली पुस्तके वाचूनच ते शिकले. पुढे शास्त्रज्ञ डेव्ही यांच्यासोबत युरोपच्या प्रवासास निघाले असता डेव्हीपत्नीने त्यांना नोकरांबरोबर जेवावयास लावले. वेगळी पंगत म्हणजे काय, हे आम्हांस कोणी समजावून सांगावयास नको!

१८३६ साली त्यांनी १२ फूट लांबी-रुंदी-उंचीची लाकडी खोली उभारून तिच्यावर धातूचे आवरण चढविले. बाहेरून तीव्र विद्युत्‌भार दिला. ठिणग्या उडू लागल्या. फॅरडे मापक घेऊन स्वतः आत उभे होते. मापक हलला नाही. केबलीचे वेष्टन तपासणारा अभियंता आजही हेच मोजतो : धातूच्या एका बाजूचे दुसरीकडे किती पोहोचते.

रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले. १८६७ साली ते निवर्तले.