जॅकलिन केनेडी: वारशाची राखण

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला फर्स्ट लेडी असे संबोधतात. ह्या पदाला वेतन नाही, राज्यघटनेत त्याचा उल्लेख नाही आणि त्याची कर्तव्येही कोठे लिहून ठेवलेली नाहीत. जॅकलिन केनेडी ह्यांना ते पद पुरती तीन वर्षेही लाभले नाही. त्यांचे पोशाख, त्यांच्या टोप्या, त्यांची केशरचना ह्यांविषयी जगभर इतके लिहिले गेले की, त्यांचे खरे कार्य त्याखाली झाकून गेले. त्या कार्याचा आणि त्यामागील श्रद्धावान, तितक्याच जखमी मनाचा परिचय आमच्या वाचकांना व्हावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

जॅकलिन बूव्हिए ह्यांचा जन्म २८ जुलै १९२९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील साऊथॅम्प्टन येथे एका श्रीमंत कॅथलिक घराण्यात झाला. न्यूयॉर्क शहरातील संत इग्नेशियस लोयोला ह्या येशूसंघीय चर्चमध्ये त्यांचा स्नानसंस्कार झाला. घरात सुबत्ता होती, स्वास्थ्य मात्र नव्हते. १९४० साली आईवडिलांचा घटस्फोट झाला. एकांतप्रिय जॅकलिन पुस्तकांत आणि घोडेस्वारीत रमल्या. महाविद्यालयीन शिक्षणातील एक वर्ष त्यांनी पॅरिसमध्ये काढले आणि १९५१ साली फ्रेंच साहित्यात पदवी मिळविली. पुढे वॉशिंग्टनच्या एका दैनिकात, रस्त्यावरील लोकांना प्रश्न विचारून त्यांची छायाचित्रे टिपण्याचे काम त्या करीत. १२ सप्टेंबर १९५३ रोजी न्यूपोर्ट येथील सेंट मेरी चर्चमध्ये सिनेटर जॉन केनेडी ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. बोस्टनचे आर्चबिशप रिचर्ड कुशिंग ह्यांनी हा विवाहविधी चालविला.

१९६० च्या निवडणुकीत केनेडी विजयी झाले. कॅथलिक माणूस देशाचा अध्यक्ष झाला तर तो रोमच्या आज्ञेत राहील, अशी भीती तेव्हा अनेक अमेरिकन बोलून दाखवीत. त्या देशाला लाभलेले हे पहिलेच कॅथलिक राष्ट्राध्यक्ष.

व्हाइट हाऊसमध्ये पाऊल ठेवताच जॅकलिन ह्यांना एक गोष्ट खटकली. ज्या वास्तूत राष्ट्राचा इतिहास घडला, तिच्यात इतिहासाची खूण म्हणावी असे फारच थोडे उरले होते. पूर्वीचे अध्यक्ष जुने सामान खुशाल विकून टाकीत. १८८२ साली अध्यक्ष आर्थर ह्यांनी तर गाड्या भरभरून सामान लिलावात काढले होते. ट्रुमन ह्यांच्या काळात इमारत आतून पूर्ण पोखरून नव्याने बांधावी लागली आणि पुष्कळसे फर्निचर चक्क दुकानातून आणले गेले. जॅकलिन ह्यांनी फेब्रुवारी १९६१ मध्ये जाणकारांची एक समिती नेमली. जुन्या अमेरिकन फर्निचरचे थोर संग्राहक हेन्री ड्यू पाँट तिचे प्रमुख झाले. तळघरे आणि गोदामे धुंडाळण्यात आली, पूर्वीच्या अध्यक्षांच्या वस्तू कोणाकडे आहेत ह्याचा शोध घेण्यात आला आणि त्या परत मिळविण्यात आल्या.

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर ती एका हौशी गृहिणीची सजावट ठरली असती. परंतु पुढील अध्यक्ष हे सारे पुन्हा विकून टाकतील, हे त्यांनी ओळखले होते. सप्टेंबर १९६१ मध्ये कायदा झाला आणि तेथील ऐतिहासिक वस्तूंना कायमचे संरक्षण मिळाले. वस्तूंची देखरेख करण्यासाठी प्रथमच अभिरक्षक नेमण्यात आला. वास्तूचा इतिहास सांगणारी संस्था स्थापन झाली. तिने १९६२ साली काढलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेच्या विक्रीतून पुढील कामासाठी पैसा उभा राहू लागला. १४ फेब्रुवारी १९६२ रोजी जॅकलिन ह्यांनी दूरदर्शनच्या पडद्यावरून कोट्यवधी प्रेक्षकांना ते घर फिरवून दाखविले. व्हाइट हाऊससमोरील लफायेट चौकातील जुनी घरे पाडून सरकारी कचेऱ्या बांधण्याचा बेतही त्यांच्याच आग्रहामुळे बदलला. आमच्या मते त्यांचे खरे मोठेपण ह्या दूरदृष्टीत आहे. सुंदर वस्तू गोळा करणारे श्रीमंत लोक काही कमी नसतात.

मार्च १९६२ मध्ये त्या भारतभेटीवर आल्या. वाटेत रोम येथे त्यांनी परमगुरू पोप जॉन तेविसावे ह्यांची भेट घेतली. दोघांचे संभाषण फ्रेंच भाषेत झाले. भारतात पंडित नेहरूंच्या त्या पाहुण्या होत्या. दिल्ली, आग्रा, फतेहपूर सिक्री, वाराणसी, उदयपूर, जयपूर अशा त्या फिरल्या. ही ओढ केवळ पाहुण्याची नव्हती, हे पुढे दिसून आले.

आता दुःखाविषयी. १९५६ साली त्यांची पहिली मुलगी मृतावस्थेत जन्मली. त्यानंतर कॅरोलिन आणि जॉन ही दोन अपत्ये झाली. ७ ऑगस्ट १९६३ रोजी जन्मलेला पॅट्रिक मुदतीपूर्वी आला आणि ३९ तास जगला. त्यानंतर चार महिनेही झाले नाहीत तोच, २२ नोव्हेंबर रोजी डॅलस येथे उघड्या मोटारीत शेजारी बसलेल्या पतीचा गोळ्या झाडून खून झाला. लिंकन ह्यांच्या अंत्ययात्रेचे जुने दाखले शोधून काढून त्यांनी पतीची अंत्ययात्रा आखली. २५ नोव्हेंबर रोजी सेंट मॅथ्यूज कॅथीड्रलमध्ये, आता कार्डिनल झालेल्या कुशिंग ह्यांनीच मिस्साबलिदान अर्पण केले. धाकट्या जॉनचा तो तिसरा वाढदिवस होता.

साऱ्या जगाने त्यांचा संयम पाहिला. मनातील वादळ मात्र फादर जोसेफ लेनर्ड ह्या वृद्ध आयरिश धर्मगुरूंना ठाऊक होते. १९५० साली डब्लिनमध्ये झालेल्या भेटीपासून दोघांचा पत्रव्यवहार होता. पतीच्या मृत्यूनंतर देवाविषयी दाटलेली कटुता जॅकलिन ह्यांनी त्यांच्यापाशी मोकळी केली. २०१४ साली ही पत्रे लिलावात निघणार होती. गदारोळ झाला आणि लिलाव रद्द झाला, पण तोवर त्यांतील मजकूर वृत्तपत्रांतून छापून आला होता. एका दुःखी स्त्रीने आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकापाशी उघडलेले अंतःकरण बाजारात मांडले जावे, हे आम्हांला मुळीच रुचलेले नाही. देवाशी भांडणारी व्यक्ती देवाला सोडून गेलेली नसते, हे ईयोबाचा ग्रंथ वाचणाऱ्यास सांगायला नको.

२० ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांनी ग्रीक जहाजमालक अ‍ॅरिस्टॉटल ओनासिस ह्यांच्याशी ऑर्थोडॉक्स विधीनुसार विवाह केला. ओनासिस घटस्फोटित होते. ख्रिस्तसभेच्या शिस्तीनुसार हा विवाह मान्य होण्यासारखा नव्हता आणि ती शिस्त कोणासाठी वाकवावी, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु काल ज्यांनी त्यांना जवळजवळ संतपद दिले होते, त्यांनीच आज त्यांना पापिणी म्हणावे, हे कोणत्या शिस्तीत बसते? त्या वेळी कार्डिनल कुशिंग जाहीरपणे त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्याबद्दल स्वतः निंदेचे धनी झाले.

१९७५ साली ओनासिस निवर्तले. त्यानंतर जॅकलिन ह्यांनी प्रकाशनसंस्थेत संपादकाची नोकरी धरली आणि अखेरपर्यंत ती निष्ठेने केली. इजिप्तचे कादंबरीकार नगीब महफूझ ह्यांची कैरोवरील कादंबरीत्रयी इंग्रजीत प्रसिद्ध व्हावी म्हणून त्यांनी खटपट केली. भारतीय राजदरबारांच्या जीवनावरील एक ग्रंथ त्यांनी १९८५ साली काढला. त्याचे लेखक नवीन पटनाईक, जे पुढे २००० ते २०२४ ह्या काळात ओडिशाचे मुख्यमंत्री होते.

न्यूयॉर्कचे ग्रँड सेंट्रल स्थानक हाही त्यांच्याच चळवळीचा विषय. मालक रेल्वे कंपनीला त्यावर उंच मनोरा बांधायचा होता. १९७५ पासून जॅकलिन ह्या विरोधात उघडपणे उतरल्या, महापौरांना त्यांनी पत्र लिहिले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने वारसा-संरक्षणाच्या बाजूने निकाल दिला आणि देशभरातील जुन्या वास्तूंना कायद्याचा आधार मिळाला. १९८४ साली धार्मिक संस्थांच्या इमारती ह्या कायद्यातून वगळण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्यालाही विरोध करण्यासाठी त्या राज्याच्या राजधानीत, अल्बनी येथे गेल्या. प्रार्थनामंदिराची जागा विकून मनोरा उभारण्याचा मोह धर्मसंस्थांनाही होतो, हे त्यांनी जाणले होते. चर्चच्या मिळकती सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींना हे ऐकायला थोडे जड जाते, हे खरे.

१९९४ च्या आरंभी त्यांना लसिकाग्रंथींचा कर्करोग असल्याचे कळले. १९ मे १९९४ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्या संत इग्नेशियस लोयोला चर्चमध्ये त्यांचा स्नानसंस्कार झाला होता, तेथेच २३ मे रोजी अंत्यविधीची मिस्सा झाली. आर्लिंग्टनच्या दफनभूमीत, त्यांनीच पेटविलेल्या अखंड ज्योतीपाशी, पती आणि दोन तान्ह्या बाळांच्या शेजारी त्यांना ठेवण्यात आले.