शिक्षकांचे आश्रयदाते संत जॉन बाप्टिस्ट द ला साल

देवळाच्या शेजारीं शाळा असावयाचीच, ही गोष्ट आपणां कॅथलिकांच्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिच्यासाठीं कोणी तरी आपलें सर्वस्व वेंचलें असेल, हें आपल्या ध्यानांतहि येत नाहीं. मुलें वर्गांत ओळीनें बसतात, सर्वांच्या हातीं एकच पुस्तक असतें, आणि शिक्षक सर्वांस एकदम, त्यांना समजेल अशा भाषेंत शिकवितो. हा क्रम कांहीं सृष्टीच्या आरंभापासून चालत आलेला नाहीं. ज्या थोर पुरुषानें तो गोरगरिबांच्या शाळांत रूढ केला, त्यांचें चरित्र जुबिलीच्या या मंगल प्रसंगीं वाचकांस सादर करावें, असें आम्हीं योजिलें आहे.

जॉन बाप्टिस्ट द ला साल यांचा जन्म फ्रान्स देशांतील रीम्स शहरीं ता. ३० एप्रिल १६५१ रोजीं झाला. घराणें सधन व प्रतिष्ठित असून वडील न्यायाधीश होते. भावंडांत हेच थोरले. १६६७ सालीं, अवघे पंधरा वर्षांचे असतां, त्यांस रीम्सच्या महामंदिरांत कॅननचें पद मिळालें. त्या पदास मोठा मान होता आणि उत्पन्नहि चांगलें होतें. पुढें पॅरिस येथें गुरुविद्यालयांत शिकत असतां १६७१ त आई व १६७२ त वडील निवर्तले, आणि धाकट्या भावंडांचा भार या तरुणाच्या शिरावर पडला. तो सांभाळून त्यांनीं अभ्यास पुरा केला व १६७८ त गुरुदीक्षा घेतली. पुढचा मार्ग सरळ व सुखाचा दिसत होता.

१६७९ सालीं आद्रियां न्येल नांवाचे एक वयस्क गृहस्थ गरीब मुलांसाठीं धर्मार्थ शाळा काढण्याच्या हेतूनें रीम्स येथें आले. द ला साल यांनीं त्यांस साहाय्य केलें, तें केवळ परोपकार म्हणून. न्येल हे नव्या शाळा काढण्यांत मोठे उत्साही. परंतु काढलेली शाळा नेटानें चालविण्याचा त्यांचा पिंड नव्हता. त्यामुळें मास्तरांची देखरेख हळूहळू द ला साल यांच्याकडे आली. हे मास्तर बहुधा अल्पशिक्षित, अल्पवेतनी आणि रीतिभातींत ओबडधोबड असत. आपल्या घरच्या नोकराहूनहि ते खालच्या पायरीचे आहेत, असें द ला साल यांस प्रथम वाटे. ही गोष्ट त्यांनींच पुढें लिहून ठेविली आहे. तरीहि त्यांनीं या मास्तरांस आपल्या पंक्तीस जेवावयास बसविलें आणि १६८१ त आपल्या घरींच राहावयास आणिलें. नातलगांस हें मुळींच रुचलें नाहीं. तेव्हां पुढच्या वर्षीं ते घर सोडून मास्तरांसह भाड्याच्या जागेंत राहूं लागले.

तेथें त्यांच्या सत्त्वाची परीक्षा झाली. उद्यांची चिंता करूं नये, देवावर भार टाकावा, असा उपदेश ते मास्तरांस करीत. यावर मास्तरांनीं एकदां त्यांस स्पष्टच सांगितलें कीं, आपणांस पदाचें उत्पन्न आहे, वडिलार्जित मालमत्ता आहे. शाळा बुडाल्या तर आपलें कांहीं जाणार नाहीं, आम्हांस मात्र भीक मागावी लागेल. हे शब्द त्यांच्या जिव्हारीं लागले, कारण ते खरे होते. आपलें द्रव्य शाळांस लावून द्यावें, असें त्यांच्या मनांत आलें. परंतु फादर निकोलस बारे या साधुपुरुषानें त्यांस असा सल्ला दिला कीं, शाळांचा पाया धनावर न घालतां ईश्वरी कृपेवर घालावा. त्यांनीं १६८३ त कॅननपद सोडलें व तें आपल्या भावास न देतां एका गरीब धर्मगुरूस दिलें. पाठोपाठ दुष्काळ पडला, त्यांत आपली मालमत्ता त्यांनीं भुकेलेल्यांस अन्न देऊन संपविली. आतां त्यांच्यांत व मास्तरांत अंतर उरलें नाहीं. सर्वजण एकमेकांस बंधू म्हणूं लागले, आणि ‘ख्रिस्ती शाळांचे बंधू’ हा संघ उदयास आला. या बंधूंनीं धर्मगुरु होऊं नये, असेंहि पुढें ठरलें. हेतु हा कीं, त्यांचें सारें लक्ष मुलांकडे राहावें.

आतां त्यांची शिक्षणपद्धति पाहूं. त्या काळीं पुष्कळ शाळांत मास्तर एकेका मुलास जवळ बोलावून धडा देई. बाकीचीं मुलें तोंवर रिकामीं बसत अथवा दंगा करीत. द ला साल यांनीं मुलांचे त्यांच्या प्रगतीप्रमाणें वर्ग पाडिले व प्रत्येक वर्गास एकच पुस्तक दिलें. एकानें मोठ्यानें वाचावें, इतरांनीं मनांत वाचीत जावें, आणि मास्तर कोणासहि मध्येंच पुढें वाचावयास सांगे, म्हणून सर्वांनीं सावध असावें, असा नियम होता. मास्तरानें फार बोलूं नये, एका लहानशा उपकरणाच्या आवाजानें खूण करावी, म्हणजे वर्ग शांत राहतो, असें त्यांचें मत होतें. त्या काळीं वाचन लॅटिनपासून शिकवीत. त्यांनीं तें फ्रेंच भाषेपासून सुरू केलें. कारागिराचें मूल शाळेंत थोडींच वर्षें राहतें; तेवढ्या काळांत त्यास लॅटिन नीट येत नाहीं आणि स्वभाषाहि वाचतां येत नाहीं, मग धर्मपुस्तक तरी तें कसें वाचणार, हा त्यांचा युक्तिवाद शार्त्रच्या बिशपमहाशयांपुढेंहि त्यांनीं मांडिला.

शिक्षा त्यांनीं अजिबात बंद केली नाहीं. तो काळच तसा होता. परंतु क्रोधाच्या भरांत मुलास हात लावूं नये, शिक्षा क्वचित् व विचारपूर्वक करावी, असे कडक निर्बंध त्यांनीं मास्तरांवर घातले. प्रत्येक मुलाचा स्वभाव जाणून त्याची टिपणी ठेवावी. मूल गैरहजर राहिलें तर कारण शोधावें. मुलें शाळेंत न्याहारी करीत, तेव्हां उरलेली भाकर वर्गांतील गरिबांस वांटावी व हें काम मुलांकडेच सोंपवावें, अशी व्यवस्था होती. मास्तर घडविण्यासाठींहि त्यांनीं रीम्स येथें विद्यालय काढिलें. या सर्व अनुभवाचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १७२० त छापला गेला.

१६८८ त ते पॅरिसला गेले, आणि तेथें विघ्नांची मालिकाच सुरू झाली. फी घेऊन लेखन शिकविणाऱ्या मास्तरांचा धंदा या फुकट शाळांमुळें बसूं लागला. त्यांनीं फिर्यादी केल्या, १७०४ त शाळांवर छापे पडले व दंड झाला. कित्येक सहकारी गळाले. १६९१ त तर अन्न भिक्षेनें मिळालें तरी संघ सोडणार नाहीं, असें व्रत त्यांनीं दोन बंधूंसह घेतलें होतें. पुढें आपल्यामुळेंच संघावर संकटें येतात, असें वाटून ते दक्षिण फ्रान्समध्यें एकान्तांत राहिले. तेव्हां १७१४ त बंधूंनीं आज्ञापालनाच्या व्रताचें स्मरण देऊन त्यांस परत येण्याची आज्ञा केली. आणि संस्थापक आपल्याच शिष्यांची आज्ञा मानून परत आले. १७१७ त त्यांनीं प्रमुखपद सोडलें. रूआँ येथें ता. ७ एप्रिल १७१९ रोजीं, उत्तम शुक्रवारीं, त्यांनीं देह ठेविला. त्या वेळीं बंधूंची संख्या शंभरांच्या सुमारास होती. परमगुरु लिओ तेरावे यांनीं १९०० त त्यांस संतपद दिलें, व १९५० त परमगुरु पायस बारावे यांनीं त्यांस शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केलें.

या चरित्रांतून आम्हांस एक गोष्ट विशेष वाटते. द ला साल यांनीं मास्तरांस उपदेश पुष्कळ केला. पण मास्तर त्यांचे झाले, ते ज्या दिवशीं ते मास्तरांइतकेच गरीब झाले त्या दिवशीं. आपल्या मुलांस अक्षर व प्रार्थना शिकविणाऱ्यांचा मान आपण किती राखितों, हा प्रश्न आईबापांनीं आपल्या मनास विचारावा. आणि आपल्या वर्गांतील सर्वांत मागें बसणारें मूल आपणांस कितपत ठाऊक आहे, हा शिक्षकांनीं. ७ एप्रिल रोजीं या संताचा सण येतो. त्या दिवशीं आपापल्या पहिल्या गुरुजींची व बाईंची आठवण करून, हयात असतील त्यांच्यासाठीं व निवर्तले असतील त्यांच्या आत्म्यासाठीं प्रत्येकानें एक प्रार्थना करावी, इतकीच आमची विनंति आहे.