वाघाने स्वतःच काढलेला फोटो : कॅमेरा ट्रॅप भारतात रुजवणारे चॅम्पियन कोण होते?

बिडकीन : शिवारात बिबट्या दिसल्याचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागला की पैठण तालुक्यात रात्री पाणी द्यायला जाणारे शेतकरी धास्तावतात. भीती उगाच नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये आपेगाव शिवारात बिबट्याच्या हल्ल्यात बापलेकाचा जीव गेला होता. अशा वेळी वनविभाग ठसे पाहतो, पिंजरा लावतो आणि झाडाला एक छोटी पेटी बांधतो. ती पेटी म्हणजे कॅमेरा ट्रॅप. ही युक्ती भारतात रुजवली फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने.

पोलीस, मग जंगल

चॅम्पियन यांचा जन्म 1893 चा, इंग्लंडमधला. वडील कीटकशास्त्रज्ञ. भाऊ हॅरी चॅम्पियन यांनी केलेले भारतीय जंगलांचे वर्गीकरण वनखात्यात आजही वापरले जाते. फ्रेडरिक 1913 मध्ये भारतात आले ते पूर्व बंगालच्या पोलीस खात्यात. पहिल्या महायुद्धात सैन्यात गेले आणि नंतर संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडच्या, वनसेवेत दाखल झाले.

तो काळ शिकारीचा होता. साहेबाने वाघाच्या धुडावर पाय ठेवून फोटो काढायचा, हीच प्रतिष्ठा. चॅम्पियन यांना मात्र जिवंत वाघाचा फोटो हवा होता.

तार कशी काम करायची?

वाघ येतो रात्री, माणसाचा वास आला की वळतो. मग कॅमेऱ्यामागे माणूसच नको! अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी तारेला लागून उडणाऱ्या फ्लॅशचे प्रयोग आधी केले होते. चॅम्पियन यांनी तेच तंत्र वाघाच्या वाटेवर नेले. पायवाटेवर बारीक तार ताणायची, शेजारी कॅमेरा आणि मॅग्नेशियमच्या भुकटीचा दिवा. वाघाचा पाय तारेला लागला की भुकटी भडकायची आणि त्याच क्षणी शटर उघडायचे. आजच्या भाषेत, बटण वाघाच्याच पायाखाली.

भुकटी एकदाच जळते, त्यामुळे एका मांडणीत एकच फोटो. आधी साळिंदर गेले तर ती रात्र वाया. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर 1925 मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात त्यांचे वाघाचे फोटो झळकले. 1927 मध्ये पुस्तक आले. जिम कॉर्बेट यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घेतला, त्यामागेही चॅम्पियन यांची प्रेरणा होती.

त्यांची खरी कमाई वेगळीच. फोटो शेजारी ठेवून पाहताना त्यांच्या लक्षात आले की प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो! 1947 मध्ये ते भारतातून गेले, 1970 मध्ये वारले. आपल्या वनखात्याने मात्र नंतरही कित्येक वर्षे पंजाच्या ठशांवरूनच वाघ मोजले.

आज काय?

तार गेली, अंगाची उष्णता आणि हालचाल टिपणारा सेन्सर आला. वाघाच्या डाव्या-उजव्या अंगाचे पट्टे सारखे नसतात, म्हणून मोजणीत वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. 2018 च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे होते, त्यांतून 2,461 वाघ वेगवेगळे ओळखले गेले. बिबट्याचे ठिपकेही असेच जुळवतात. फिरणारा बिबट्या एक की दोन, ते त्यावरून कळू शकते.

मार्च 2021 मध्ये आपल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ आला. कुठला? पट्टे जुळवले, तेव्हा कळले : तीनशे किलोमीटरहून दूर, यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा.