शागिर्दांच्या वर्तुळात बसणारे हकीम

आजच्या तेहरानजवळच्या रय शहरात इ.स. 865च्या सुमारास अबू बक्र मुहम्मद इब्न झकरिया यांचा जन्म झाला. रयचे म्हणून ते अल-राझी. आधी रयच्या आणि पुढे बगदादच्या बीमारिस्तानचे, म्हणजे रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. हकीम म्हणून त्यांचा लौकिक दूरवर पोहोचला. पण त्यांची शिकवण्याची रीतही तितकीच मोलाची होती.

दहाव्या शतकातल्या इब्न अल-नदीम यांनी त्यांच्या बैठकीचे वर्णन केले आहे. राझी मध्ये बसत. त्यांच्याभोवती त्यांचे शागिर्द, त्यांच्यामागे शागिर्दांचे शागिर्द आणि त्याहीमागे इतर. आलेला रोगी आपले दुखणे सर्वांत आधी भेटणाऱ्याला सांगे. त्याला उमगले तर ठीक, नाहीतर रोगी पुढच्या वर्तुळाकडे जाई. सगळ्यांचे इल्म थांबले की मग उस्ताद बोलत. नवख्यालाही रोग्यापुढे डोके चालवावे लागे आणि मधल्या फळीतला शागिर्द शिकता शिकता शिकवायलाही शिके.

एकदा अब्दुल्ला इब्न सवादा नावाचा रोगी त्यांच्याकडे आला. ताप कधी रोज, कधी एक-दोन दिवसांआड, तर कधी सहा दिवसांनी येई. आधी थोडी थंडी वाजे आणि लघवीला वारंवार जावे लागे. हा ताप चौथ्या दिवसाच्या पाळीचा होईल किंवा मूत्रपिंडात गळू असेल, असा राझींचा अंदाज होता. थोड्याच दिवसांत लघवीतून पू गेला आणि उलगडा झाला. उपचारांनी रोगी बरा झाला. तरीही राझींनी आपल्या टिपणात चूक नोंदवली. उभे राहताना कमरेला ओझे लटकल्यासारखे वाटते, हे रोग्याने सांगितले नव्हते आणि ते विचारायचे त्यांच्याकडूनही राहून गेले होते. वारंवार होणाऱ्या लघवीवरून आपला संशय आधीच बळावायला हवा होता, हेही त्यांनी मान्य केले.

जालिनूसला ते गुरू मानत. तरी त्याच्या मतांवरच्या शंकांचा स्वतंत्र ग्रंथ त्यांनी लिहिला. सरसामच्या रोग्यांपैकी काहींचे रक्त काढायचे आणि काहींचे मुद्दाम काढायचे नाही, असे करून त्यांनी उपचाराचा गुण पडताळला. वैद्याची परीक्षा कशी घ्यावी यावर त्यांनी लिहिले आणि ज्यांना हकीम गाठता येत नाही अशांसाठीही एक पुस्तक लिहिले. गोरगरिबांवर ते उपचार करत आणि त्यांच्या खर्चालाही हातभार लावत.

अखेरच्या काळात त्यांची दृष्टी गेली. इ.स. 925च्या सुमारास रयमध्येच त्यांचा इंतकाल झाला. मागे टिपणांचा ढीग राहिला. वजीर इब्न अल-अमीद यांनी तो त्यांच्या बहिणीकडून विकत घेतला आणि शागिर्दांकडून लावून घेतला. तोच ‘अल-हावी’ हा प्रचंड ग्रंथ. इ.स. 1279मध्ये त्याचे लॅटिन भाषांतर झाले.

इब्न सवादाची हकीकत त्याच ग्रंथात आहे. टिपणे लावताना शागिर्दांनी उस्तादाची चूक गाळली नाही. त्यांच्या तालमीचा याहून मोठा पुरावा कोणता?